दोघांत एक वकील

३ फेब्रुवारी

लेक फोनवर म्हणाली, "आई, लिहून काढत जा. नाहीतर गाडी शिकायला येणाऱ्यांना सांगत बसशील."

तिचं बरोबर आहे. परवा भर चौकात एका नवख्या बाईंनी गाडी बंद पाडली. मी त्यांना धीर द्यायला गेले आणि बोलता बोलता सांगून टाकलं की मी आणि माझा नवरा वेगळे होतोय. त्यांनी घाबरून स्टिअरिंगच सोडलं. मागचे सगळे हॉर्न वाजवतायत आणि बाई मला विचारतायत, "पण का हो?"

का, हे मलाच नीट सांगता येत नाही. नवरा दारू पीत नाही, ओरडत नाही, दुसरी कोणी नाही. हॉस्पिटलात एक्सरे काढतो. दिवसभर लोकांना म्हणतो, "श्वास रोखा... सोडा." त्याहून मोठ्या आवाजात त्याला बोलताना मी ऐकलेलं नाही. आणि मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, म्हणजे दिवसभर बोलतेच. दीड वर्षापूर्वी एका सकाळी तो म्हणाला, "मला वेगळं राहायचंय. तुझं काही चुकलं नाही. पण माझं मला काही ठरवायची सवयच राहिली नाही." मी म्हटलं, "बरं." आणि विचारलं, अजून एक अंडं उकडू का. तो म्हणाला, चालेल.

भांडण नाही, तंटा नाही. लेक म्हणते, तुम्ही दोघं इतके छान वेगळे होताय की मैत्रिणींना सांगायची लाज वाटते.

६ फेब्रुवारी

वकील ठरला. दोघांत एक. दोन वकील म्हणजे दोन फी, आणि वर ते आपापली फी वसूल करायला आपल्यात भांडणं लावणार. त्यापेक्षा एकच बरा, असं आम्ही जेवताना ठरवलं. म्हणजे मी ठरवलं, नवरा चालेल म्हणाला.

हा वकील माझ्याचकडे गाडी शिकला. मी त्याला मनात क्लच म्हणते, कारण शिकताना त्याने माझ्या गाडीची क्लच प्लेट जाळली होती. त्याची जाण ठेवून त्याने फी कमी लावली. दीड वर्ष वेगळ्या खोल्यांत राहतोय, म्हणून सहा महिने थांबायची अटही कोर्टाकडून माफ होईल म्हणाला. औषधांच्या दुकानाच्या वर ऑफिस आहे. अशिलांसाठी दोनच खुर्च्या, त्यातल्या एकीवर फायली. वकिलाकडे नवरा-बायको जोडीने येत नसावेत.

आज मी एकटीच गेले होते, नवऱ्याची ड्युटी होती. काय ठरलंय ते क्लचला सांगितलं. फ्लॅट विकून निम्मे निम्मे. स्कूलचं मैदान मला, कारण गाड्या तिथेच उभ्या राहतात आणि रिव्हर्स शिकवायला दुसरी जागा नाही. मैदान सासूबाईंचं घर विकून आलेल्या पैशांतून घेतलं होतं, तेव्हा त्याची निम्मी किंमत मी नवऱ्याला हप्त्याहप्त्याने देणार.

क्लच म्हणाला, "मॅडम, हप्ते कागदावर घेतले तर जागेचं मूल्यांकन आलं, नोंदणी आली, त्यांचा वेगळा वकील आला. खर्च दुप्पट. तुमचं एवढं पटतंय तर ते तोंडीच राहू द्या ना. कागदावर मैदान तुमचं, एवढंच लिहू."

मी खूश. बाजारात घासाघीस जिंकावी तशी.

दारापर्यंत आल्यावर तो म्हणाला, "एक मात्र करा. मी तुमचा वकील, दोघांचा होऊ शकत नाही. त्यांनी हे कागद एकदा तरी स्वतःच्या वकिलाला दाखवावेत, हे त्यांना स्पष्ट सांगा. मी सांगितलं तर मी काडी लावतोय असं वाटेल. तुम्हीच सांगा."

म्हटलं, सांगते.

७ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

काल घरी आले तर नवरा कपडे वाळत घालत होता. "काय म्हणाला वकील?"

"स्वस्तात होईल म्हणाला."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

आता इथे खोटं लिहून काय करू? विसरले नव्हते. तोंडावर आलं होतं. मनात म्हटलं, हा दुसऱ्या वकिलाकडे जाईल, तो वकील डोळे वटारून विचारेल की मैदान फुकट का सोडताय, मग हप्ते, मग मूल्यांकन, मग सगळा गोंधळ. चांगलं चाललंय त्याला नाट कशाला? एवढंच होतं असं म्हणावंसं वाटतं, पण एवढंच नव्हतं. कागदावर मैदान माझं, हे शब्द मला आवडले होते.

माझा धंदाच सांगण्याचा. आरसा बघा, इंडिकेटर द्या, समोर म्हातारे आजोबा आहेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझं तोंड बंद नसतं. आणि हे एक वाक्य गिळलं.

१७ फेब्रुवारी

सह्या झाल्या.

खुर्चीवरच्या फायली खाली ठेवून क्लचने नवऱ्याला बसवलं. क्लच फोनवर बोलत बाहेर गेला आणि आम्ही दोघंच राहिलो. नवऱ्याची कागद वाचायची पद्धत जगावेगळी आहे. हॉस्पिटलात आता सगळं स्क्रीनवर दिसतं, पण जुनी सवय, कुठलाही कागद हातात आला की खिडकीकडे धरून बघतो. विजेचं बिलसुद्धा. तसंच एकेक पान उचलून खिडकीकडे धरत होता.

पाचव्या पानावर क्लचने आपल्या बचावासाठी एक कलम घातलं आहे, ते मी आधीच वाचलं होतं. 'मला स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेण्याविषयी सांगण्यात आले असून मी तो स्वेच्छेने नाकारला आहे.' ते पान त्याच्या हातात आलं तेव्हा मी खाली रस्त्यावर गाडी लावणाऱ्या एका माणसाकडे बघत बसले. अगदी वाईट लावत होता.

नवऱ्याने पान खाली ठेवलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग म्हणाला, "सही करायच्या आधी तुला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "पेन नीट धर. तुझी सही वाकडी येते."

तो हसला आणि सही केली. वाकडीच आली.

बहुतेक त्याने वाचलं नसावं. इतक्या पानांत एक ओळ कोण वाचतंय! क्लच परत आल्यावर तिघांनी चहा घेतला. चहाचे पैसे नवऱ्याने दिले. मी पर्स उघडत होते तर म्हणाला, "राहू दे गं, तुझा आधीच एवढा खर्च झालाय." तो चहा मला पचला नाही.

२ मार्च

नवरा हॉस्पिटलजवळच्या एका खोलीत राहायला गेला. सामान इतकं कमी की एका फेरीत झालं. नेऊन मीच सोडलं, कारण त्याला गाडी येत नाही. ड्रायव्हिंग स्कूलवालीचा नवरा आणि गाडी येत नाही, हा आमच्याकडचा जुना विनोद. लग्नानंतर मी एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता. माझ्या बाजूला ब्रेक असतो ना, शिकवणाऱ्याचा, तो मी प्रत्येक वळणावर त्याच्या आधी मारायचे. शेवटी तो म्हणाला, "मग मी काय करतोय इथे?" आणि गाडीतून उतरून चालत घरी गेला. तेव्हापासून त्याला सगळीकडे मीच नेलं.

खोलीला एकच खिडकी. पलंग कुठे ठेवायचा ते मी सांगितलं. त्याने तसाच ठेवला.

येताना गाड्यांच्या शोरूममध्ये डोकावले. स्कूलची दुसरी गाडी आता कुरकुरते. नवी मिळेल का, हप्ता किती बसेल, विचारून घेतलं. त्या सेल्समनच्या समोर बसून माझ्या डोक्यात आलं की नवऱ्याचे हप्ते एक वर्ष उशिरा सुरू केले तरी तो विचारणार नाही. मग पुढे आलं की कधीच सुरू केले नाहीत तरी विचारणार नाही. वीस वर्षांत त्याने मला एकदाही विचारलेलं नाही, पैसे कुठे गेले म्हणून.

मी माहितीपत्रक तिथेच ठेवून उठले. लाज वाटली. पण विचार आला होता हे खरं, आणि मी तो लगेच झटकला नव्हता हेही खरं.

११ मार्च

आज जे पाहिलं त्यावर अजून विश्वास बसत नाही.

सिग्नलला उभे होतो. माझ्या शेजारी कॉलेजातला मुलगा स्टिअरिंगवर. बाजूला टोपीवाल्याची गाडी येऊन थांबली. टोपीवाला म्हणजे आमच्या भागातला दुसरा ड्रायव्हिंग स्कूलवाला. घरातही टोपी काढत नसावा. त्याच्या शेजारी, पाठ ताठ, जीभ दातांत धरून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसलेला माझा नवरा!

दिवा हिरवा झाला. कॉलेजवाल्याने गाडी झकास उचलली आणि मी ब्रेक मारला. हिरव्या दिव्याला ब्रेक मारणारी मी पहिलीच मास्तरीण असेन. मागून एकाने शिव्या घातल्या. टोपीवाल्याची गाडी हळूहळू पुढे गेली, वळण्याआधी इंडिकेटर दिला, आरसा बघितला, सगळं नीट.

वेगळं व्हायचंय म्हणाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आज आलं. टोपीवाला!

१२ मार्च

न राहवून टोपीवाल्याकडे गेले. त्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि भिंतीवर रहदारीच्या खुणांचा फाटका तक्ता.

"माझ्या नवऱ्याला शिकवताय?"

टोपीवाला उठून उभा राहिला. "ताई, मी नाही बोलावलं त्यांना. ते स्वतः आले. मी म्हटलं सुद्धा, घरची शाळा असताना इकडे कुठे? सूट देतो म्हटलं तर नको म्हणाले, पूर्ण फी भरली."

"पण काय म्हणाले ते? काही कारण?"

तो जरा घुटमळला. "म्हणाले, घरी फुकट शिकलो असतो, पण ते महाग पडलं असतं."

मी हसले. टोपीवालाही सुटल्यासारखा हसला आणि म्हणाला, "हात चांगला आहे हो त्यांचा. वळणावर ब्रेक जरा उशिरा मारतात, पण मारतात."

"उशिरा मारणं धोक्याचं असतं," मी म्हटलं.

"प्रत्येकाची वेळ असते ना ताई."

बाहेर येऊन गाडीत बराच वेळ बसून राहिले. त्याला फी परवडली, मी परवडले नाही. मी तर सगळ्यांना मिरवून सांगतेय की आमचा या शहरातला सगळ्यात स्वस्त घटस्फोट आहे.

२८ मार्च

नवरा पास झाला! पहिल्याच फटक्यात. हॉस्पिटलातल्या कोणाकडून जुनी निळी गाडी घेतली आणि दाखवायला घेऊन आला. मला टोपीवाल्याविषयी माहीत आहे हे त्याला माहीत असावं. दोघांनीही विषय काढला नाही.

"कशी आहे?" त्याने विचारलं. लेकीला शाळेत पहिल्यांदा बक्षीस मिळालं तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता.

मी गाडीभोवती एक फेरी मारली. "मागचे टायर गेलेत."

"हो, बदलणार आहे."

'छान आहे' म्हणायला काय पैसे पडत होते? तो गेल्यावर हे सुचलं.

खरं म्हणजे आज सांगून टाकायचं ठरवलं होतं. वकिलाचं ते वाक्य. तो गाडीत बसल्यावर मी खिडकीशी वाकले आणि म्हटलं, "ऐक ना."

त्याने इंजिन बंद केलं. "बोल."

तो थांबला होता. अगदी चेहऱ्याकडे बघत थांबला होता.

"आधी मागचे बदल. पुढचे नंतर बदललेस तरी चालतील."

"बरं," म्हणाला, आणि परत इंजिन चालू केलं.

१० एप्रिल

आज कोर्टाची तारीख. नवरा म्हणाला, मी नेतो तुला. तो आपल्या गाडीतून मला घ्यायला आला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, शिकवणारी म्हणून नव्हे तर नुसती, त्याच्या शेजारी बसले.

सावकाश चालवतो. चांगलं चालवतो. पण माझा पाय! प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणाला माझा पाय खालच्या रबरी मॅटवर दाबला जात होता. तिथे ब्रेक नाही, काही नाही. तरी पोटरीला गोळा येईपर्यंत दाबत होते. तो समोर बघतच म्हणाला, "पाय दुखेल तुझा."

कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलो. बाकीची जोडपी दोन टोकांना, मध्ये नातेवाइकांची भिंत. आम्ही एकाच बाटलीतून पाणी पीत होतो. शिपायाला वाटलं आम्ही बहीण-भाऊ, कोणाच्या तरी साक्षीला आलोय. क्लच खुशीत होता. पाच मिनिटांचं काम, म्हणाला.

न्यायाधीश बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी कागद चाळले, नाक पुसलं आणि नवऱ्याला विचारलं, "मैदानावरचा सगळा हक्क तुम्ही सोडताय. बदल्यात काही मिळतंय?"

"नाही," नवरा म्हणाला.

"स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्या, असं तुम्हाला सांगण्यात आलं होतं?"

माझ्याकडे बघेल असं वाटलं. त्याने बघितलं नाही. समोर बघून स्वच्छ म्हणाला, "हो."

माझ्यासाठी खोटं बोलला. कोर्टात. दिलेली वेळ चुकली तर पेशंटची माफी मागणारा माणूस. तेव्हा कोणीतरी बोलायला लागलं आणि तो आवाज माझा होता.

"नाही मॅडम. त्याला कोणी नाही सांगितलं. सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही. आणि मैदानाचे निम्मे पैसे मी त्याला द्यायचे ठरलेत, ते कागदावर नाहीत. खर्च वाचवायला आम्ही लिहिले नाहीत. म्हणजे मी."

क्लचचा चेहरा बघण्यासारखा झाला. न्यायाधीश बाईंनी पेनला टोपण लावलं. "कागद नीट करून आणा. त्यांचा वकील त्यांना घेऊ द्या. मग या." आणि पुढची तारीख दिली.

बाहेर क्लच म्हणाला, "मॅडम, झालंच होतं हो." नवरा गाडीकडे चालू लागला. मला वाटत होतं, मी काहीतरी मोठं केलंय. खरं बोलले होते ना? छाती हलकी झाली होती. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "बोल की काहीतरी."

पहिल्या सिग्नलला गाडी थांबल्यावर तो म्हणाला, "पाचवं पान मी वाचलं होतं."

माझा पाय पुन्हा मॅटवर गेला.

"हाडात केसाएवढी चीर असली तर मला दिसते. तेच काम आहे माझं. एवढी मोठी ओळ दिसणार नाही?"

"मग सही कशाला केलीस?"

"तुला विचारलं होतं की, काही सांगायचंय का. तू म्हणालीस, पेन नीट धर." दिवा हिरवा झाला. त्याने गाडी उचलली. "परवा टायरच्या वेळीपण थांबलो होतो. मग म्हटलं, जाऊ दे मैदान. राहू दे तिच्याकडे. सुटू तरी."

"मी खरं बोलले आज," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

"बोललीस. आज सुटलो असतो, नेमकं आजच बोललीस."

घरासमोर गाडी थांबवली. मी उतरत होते तेव्हा म्हणाला, रागाने नाही, दमल्यासारखा, "या गाडीत तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये. तरी मारलासच."

११ एप्रिल

एकही गाडी बाहेर काढली नाही. सगळ्यांना बरं नाही म्हणून कळवलं.

त्याने मैदान सोडलं होतं. सासूबाईंच्या घराचे पैसे, निम्मं आयुष्य त्या खोलीत काढावं लागलं तरी चालेल म्हणून सोडलं होतं, फक्त माझ्यापासून सुटायला. एवढी किंमत तो द्यायला तयार होता. आणि मला वाटत होतं, आमचं छान चाललंय.

खरं बोलले याचा अभिमान धरावा तर धरवत नाही. पुढची तारीख, असं बाईंनी म्हटलं तेव्हा मला जे वाटलं त्याला वाईट वाटणं म्हणता येणार नाही. हे लेकीलाही सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिते. मी सत्यासाठी बोलले की तारखेसाठी, देव जाणे. दोन्ही एकाच तोंडातून निघालं.

२४ एप्रिल

नवऱ्याने वकील केला. एक वकीलबाई. मी नाव सुचवणार होते, जीभ चावली. त्यांचं पत्र आलं. 'आपण माझ्या अशिलाच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन वस्तुस्थिती हेतुपुरस्सर दडवली.' क्लच म्हणाला, "याला सणसणीत उत्तर देऊ." मी म्हटलं, याला काय उत्तर देणार, खरंच आहे.

दुपारी नवऱ्याचा फोन. "ती भाषा माझी नाही बरं का. त्यांनी लिहिली."

"भाषा त्यांची, पण मजकूर बरोबर आहे."

तो म्हणाला, "जेवलीस का?"

"हो." जेवले नव्हते. पण जेवले नाही म्हटलं असतं तर तो आला असता, आणि तो यावा म्हणून मी तसं म्हणणार होते. म्हणून तसं म्हटलंच नाही.

९ मे

मूल्यांकन झालं. एक माणूस टेप घेऊन आला आणि मैदान मोजून गेला. जुन्या टायरांच्या रांगांमधून तो वाट काढत होता तेव्हा मला सासूबाई आठवल्या. पहिल्या दिवशी त्या इथे खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि माझी गाडी मागे येताना बघून म्हणाल्या होत्या, "पोरीला भीती कशी ती नाहीच." नव्या करारात निम्मी किंमत, हप्ते, तारखा, सगळं आलं. पहिला हप्ता आणि क्लचची फी भागवायला स्कूलची दुसरी गाडी विकली. कुरकुरायचीच, पण विकताना हळहळले.

दोन्ही वकिलांच्या फीचा आकडा बघून लेक म्हणाली, "तुमचा स्वस्त घटस्फोट ही आता आपल्या घरातली सगळ्यात महाग वस्तू."

मी नवऱ्याला फोन करून म्हटलं, "तुझ्या वकीलबाईंची फी मी भरते. हे सगळं माझ्यामुळे झालंय."

"नको."

"अरे, पण तुला कशाला भुर्दंड?"

"अगं, माझ्या वकिलाची फी मी भरतो. एवढं तरी माझं मला करू दे."

मी तोंड उघडलं होतं. दोन-चार मुद्दे तयार होते, आणि सगळे बिनतोड होते. तोंड मिटलं.

"बरं," म्हटलं.

१४ जून

झालं.

पुन्हा तो घ्यायला आला. पुन्हा मी जाताना मॅटवर पाय दाबत गेले, ती सवय एका दिवसात जाणारी नाही. पुन्हा तेच बाक, पण या वेळी त्याच्या शेजारी वकीलबाई आणि माझ्या शेजारी क्लच. पाण्याची बाटली त्याच्याकडे होती. मला तहान लागली होती, मागितली नाही. त्यानेच पुढे केली.

न्यायाधीश बाईंची सर्दी गेली होती. त्यांनी पुन्हा सगळं विचारलं. या वेळी नवरा हो म्हणाला ते खरंच हो होतं. मला विचारलं, "तुमच्यावर काही दबाव?" मी नाही म्हटलं. "आणखी काही सांगायचंय?" क्लचने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला हसू आलं असतं. सांगायचं खूप होतं. मी म्हटलं, "नाही मॅडम. काही नाही."

त्या सही करत होत्या. मी श्वास धरून उभी होते, मला कळलंही नव्हतं. शेजारून अगदी हळू आवाज आला, हॉस्पिटलातला, "हं. सोडा आता."

सोडला.

बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, "घरी सोडू का?" मी रिक्षाने जाते म्हणणार होते, पण चल म्हटलं. गाडीत बसले. मागचे टायर नवे होते, बघून घेतलं, बोलले नाही. पट्टा लावला. मग चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. माझ्याकडे शिकणाऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला रस्त्यात उतरवलं असतं.

त्याने बघितलं. "हे काय?"

"काही नाही. तू चालव."

त्याने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी काढली. कोपऱ्यावरच्या वळणाला मी पाय हातांनी धरून ठेवले. ब्रेक त्याने माझ्यापेक्षा जरा उशिरा मारला. पण मारला.